हात बाहेर!

ओरडू नका, ओरडू नका! सत्तावीस वर्षं हेच ऐकत आलोय मी. बायको म्हणते ओरडू नका, डॉक्टर म्हणतो ओरडू नका. त्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो, तर मुलगीसुद्धा दोन डबे घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आज ह्यांच्यावर ओरडायचं नाही. चारचौघांत तर मुळीच नाही."

ह्यांच्यावर म्हणजे तिच्या नवऱ्यावर. माझ्या जावयावर. वर्षभरापूर्वी तो मोबाइलच्या दुकानात बसायचा. दुकान बंद पडलं आणि तो माझ्या हाताखाली आला. माझं काम एसी बसवायचं. घरातल्या भिंतीवरचे नव्हेत, कारखान्यांच्या गच्चीवर बसतात ते. कॉम्प्रेसर, पंखा, जाळी सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत, आणि ती पेटी एका खोलीएवढी. असल्या कामात ओरडावं लागतं. पण पोरगी ऐकेल तर ना!

खरं सांगायचं तर चूक माझीच होती. जावई म्हणून घरी त्याला "या जावईबापू, बसा" आणि गच्चीवर "अरे गाढवा, पाना कुठाय?" अशी आमची तऱ्हा. गेल्या आठवड्यात त्याने पेटीखालची चौकट बोटभर तिरकी बसवली आणि माझं डोकं फिरलं. क्रेनवाल्याच्या देखत मी बोललो, "तुला मुलगी दिली तिथंच मी फसलो." बोलून गेलो. दोन दिवस तो धड जेवला नाही म्हणे.

"शपथ घ्या," मुलगी म्हणाली.

"घेतली. नाही ओरडत. झालं समाधान?"

"आणि तोंड असं करून जाऊ नका."

आता तोंड कसं करायचं तेही हिला विचारायचं! डबे उचलले आणि तसाच तणतणत निघालो.

काम एका शिलाईच्या कारखान्यात होतं. वरच्या मजल्यावर नव्वद बायका मशीनवर बसतात, आणि डोक्यावर तापलेलं छत. त्या आठवड्यात दोघी चक्कर येऊन पडल्या होत्या. म्हणून ही पेटी तातडीने मागवलेली. तिथला व्यवस्थापक, त्याला मी मनातल्या मनात टायवाला म्हणायचो, तो सकाळपासून माझ्या मागे मागे. "चारच्या आत हवा सुरू पाहिजे." अहो, एवढी काळजी होती तर दोघी पडेपर्यंत थांबलात कशाला? पण हे मी मनात म्हटलं. शपथ जावयापुरती होती, पण मी रागारागाने ठरवून टाकलं होतं की आज कोणावरच आवाज चढवायचा नाही. बघू दे सगळ्यांना.

गच्चीवर पाहतो तर काय, जिथं पेटी बसायची तिथं चारी बाजूंना मोडक्या खुर्च्या, कापडाची बोचकी, जुनी टेबलं. पेटीला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते, नाहीतर ती श्वास कुठून घेणार? एरवी मी असा काही कडाडलो असतो की टायवाल्याने स्वतः टेबलं उचलली असती. त्या दिवशी मी दातओठ खात स्वतःच उचलली. जावई मुकाट्याने दुसरं टोक धरत होता आणि माझ्याकडे चोरून बघत होता. त्यालाही चुकल्याचुकल्यासारखं होत असावं. दिवसभर त्याच्या कानावर माझा आवाज नाही म्हणजे काय!

अकराला क्रेन आली. साखळ्यांनी पत्रा चेपू नये म्हणून वर आडवी दांडी लावली, खालचा रस्ता रिकामा केला, आणि पेटी हळूहळू चौकटीवर उतरली. या वेळी चौकट पाणसळीत अगदी चोख. जावयाने बसवलेली. शाबास म्हणावं असं वाटलं, पण रुसलेला माणूस शाबास तरी कसं म्हणणार? नाही म्हटलं.

आता आमचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पेटीची वीज एका खटक्याने बंद होते. खटका खाली पाडायचा आणि त्याच्या कडीत पेटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपापलं लाल कुलूप लावायचं. किल्ली आपल्याच खिशात. जितकी कुलपं, तितकी माणसं अजून कामावर. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय खटका वर जातच नाही. दुसरा नियम माझा स्वतःचा. खटका वर करण्याआधी मी पेटीभोवती एक फेरी मारतो, दारं उघडून बघतो, आणि तीनदा बोंबलतो, "हात बाहेर! हात बाहेर! हात बाहेर!" यावरून आमच्या धंद्यात मला भोंगा म्हणतात. म्हणोत. मला हे काम ज्याने शिकवलं त्याला सातच बोटं होती.

मी खटका पाडला, माझं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. जावयाने आपले खिसे चाचपले, मग पिशवी चाचपली, आणि काही न बोलता कामाला लागला. मी पाहिलं. कडीत एकच कुलूप, माझं, आणि याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत. तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी अगदी ओठांवर आली होती. ती गिळली. म्हटलं, माझं कुलूप आहे ना, दोघं बरोबरच आहोत ना, मग जाऊ दे.

जाऊ दे! सत्तावीस वर्षांत कुलपाच्या बाबतीत हा शब्द मी उच्चारला नव्हता.

दोनच्या सुमारास तारा जोडून झाल्या, पाण्याची नळी झाली, पट्टा ताणून झाला.

"आटपलं?" मी विचारलं.

"हो मामा. झालं सगळं."

"मग जेवून घ्या."

तो डबा घेऊन टाकीच्या सावलीत बसला. मी खाली हॉलमध्ये गेलो आणि भिंतीवरच्या डबीत पंख्याचं बटण चालूवर केलं, म्हणजे वर वीज आली की पंखा लगेच फिरेल. बायका गळ्यात ओली फडकी टाकून मशीन मारत होत्या. एका वयस्कर बाईने मान वर न करता विचारलं, "येणार का वारा, दादा? की नुसतंच?"

"दहा मिनिटांत येतो, मावशी," मी म्हटलं.

वर आलो. टाकीच्या सावलीत डबा अर्धा उघडा पडलेला, जावई जागेवर नाही. हात धुवायला गेला असेल असं मी धरून चाललो. वाऱ्याने पेटीच्या पत्र्याचा खडखडाट चालला होता. खटक्यापाशी टायवाला घड्याळाकडे बघत उभाच.

मी कुलूप काढलं. कडी मोकळी. आरोळी द्यायला छाती भरून श्वास घेतला, आणि टायवाला म्हणाला, "हे बघा, क्रेनवाला सांगत होता ते बोंबलायचं नाटक आता नको हं. खाली पाहुणे बसलेत."

बस्स. त्याचंही तेच! घरी तेच, दवाखान्यात तेच, इथेही तेच. मनात म्हटलं, ठीक आहे. नाही ओरडत. तुम्हाला सगळ्यांना भोंगा नको ना? घ्या, भोंगा बंद. श्वास तसाच सोडून दिला. आरोळी नाही म्हणून फेरीही नाही मारली, कारण दोन्हींची मला एकत्रच सवय होती. आणि खटका वर केला.

पेटीतून अशी किंकाळी फुटली की माझे दात शिवशिवले. माणसाची नव्हे, पट्ट्याची. मोटर फिरायला बघत होती आणि पंखा जागचा हलत नव्हता. जळक्या रबराचा वास आला. मी खटका खाडकन पाडला, कुलूप परत अडकवलं. आणि मग आतून पत्र्यावर कोणीतरी लाथा मारल्याचा आवाज आला.

मी पलीकडच्या बाजूला कसा पळालो ते मला आठवत नाही. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याने आतून ओढून घेतलं होतं. उघडलं, तर जावई उकिडवा बसलेला. उजवा हात खांद्यापर्यंत पंख्याच्या चाकात. गालात अजून घास तसाच.

त्याच्या गुडघ्यापाशी एक लाकडी ठोकळा पडला होता. प्रवासात पंखा हलू नये म्हणून चाकात असे दोन ठोकळे ठोकून पाठवतात. ते पेटी चालू करण्याआधी काढायचे असतात. तो विसरला होता. जेवता जेवता आठवलं, आणि मी वर यायच्या आत काढून टाकू म्हणून धावत येऊन आत शिरला. एक काढला होता. दुसरा अजून चाकात घट्ट होता आणि त्याची बोटं त्याच ठोकळ्यावर होती. दुसरा निघाला असता तर मी कोपरापासून खाली काही पाहिलंच नसतं. मी त्याचा हात बाहेर काढला, एकेक बोट मोजलं. पाच. पुन्हा मोजलं.

"काही झालं नाही ना?" टायवाला लांबून म्हणाला. "मग करा चालू."

मी वळलो. काय बोललो असतो देव जाणे. पण माझ्या आधी जावई उठला. तो घास त्याने थुंकला आणि ओरडला. वर्षभरात मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"तुम्ही खाली जा! खाली जा आधी!" टायवाला जिन्याकडे सटकला. मग जावई माझ्याकडे वळला. "कुलूप घरी राहिलं, ते मी नाही सांगितलं. ठोकळे विसरलो, तेही नाही सांगितलं. का सांगायचं? परत सगळ्यांसमोर म्हणाला असतात, पोरगी देऊन फसलो! माझं चुकलं, शंभरदा चुकलं. पण मामा, तुम्ही? रोज कानाचे पडदे फाडता, आणि आज नेमकी दातखीळ बसली? मी तुमच्या आरोळीच्या भरवशावर आत शिरलो होतो! म्हटलं, म्हातारा ओरडल्याशिवाय काही चालू करत नाही. हात बाहेर म्हणाला असतात तर काढला असता ना मी हात!"

आणि तो मटकन खाली बसून रडायला लागला.

भोंगा म्हणे! आयुष्यभर मी टेंभा मिरवला की मी ओरडतो म्हणून माझी माणसं धडधाकट घरी जातात. आणि माझ्याच ओरडण्याच्या धाकाने हा पोरगा तोंड मिटून पंख्यात हात घालत होता. आणि जी एक आरोळी खरंच कामाची, तीच मी रुसून गिळली होती. लहान पोरासारखा. स्वतःची अशी चीड मला कधी आली नव्हती.

मी खटक्यापाशी गेलो, माझं कुलूप काढून त्याच्या हातात दिलं. "तू लाव. किल्ली तुझ्या खिशात. आज पेटीत तू एकटा हात घालशील, मी नुसता बघणार."

त्याने नाक पुसलं, कुलूप लावलं. दुसरा ठोकळा काढला, जळका पट्टा उतरवून नवा घातला. मी हात मागे बांधून उभा होतो. साडेतीनला त्याने कुलूप काढलं. आम्ही दोघांनी मिळून फेरी मारली, सगळी दारं उघडून पाहिली. मी आरोळी द्यायला तोंड उघडलं आणि घशातून हवा सोडून काही निघेना. डोळ्यांपुढे ती पाच बोटंच.

शेवटी तोच ओरडला. "हात बाहेर! हात बाहेर! हात बाहेर!" काय आवाज लावला पठ्ठ्याने! खाली पाहुण्यांच्या चहात गेला असेल. खटका वर गेला, पंखा फिरला, आणि जरा वेळाने हॉलमधून नव्वद बायकांचा गलका वर आला.

सामान आवरत होतो तेव्हा माझा फोन वाजला. मुलगी.

"बाबा, ओरडला नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते मला सहन होईना. मी फोन जावयापुढे धरला. "तुम्हीच सांगा तिला."

त्याने फोन घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही गं. छान झालं काम. बाबा आज अगदी शांत होते."

शांत! कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. दिवसभर लपवालपवी करून हात जायची वेळ आली, आणि आता हा मला वाचवायला पुन्हा लपवतोय!

"आण इकडे तो फोन!" मी ओरडलो. टाकीवरची कबुतरं उडाली. "खोटं बोलतोय तो! ऐक, मी आज तुझ्या नवऱ्याचा हात घालवला असता! मी! ओरडलो नाही म्हणून!"

मग तिचा बारीक आवाज आला.

"हात आहे ना त्यांचा?"

"आहे."

"मग बाबा, ओरडू नका. नीट सांगा."

मी जावयाशेजारी उलट्या बादलीवर बसलो. फोन दोघांना ऐकू जाईल असा मध्ये ठेवला. गेल्या आठवड्यात मी त्याला काय बोललो होतो, तिथपासून सुरुवात केली.