खोक्यातला कॅमशाफ्ट कुणाचा?

धाकटी जेवायला बसली की थोरलीचा फोन यायचाच.

"सुरू झालं का गं इंजिन?"

"सुरू झालं की तुझ्या घरापर्यंत ऐकू येईल, ताई. विचारायची गरज पडणार नाही."

थोरली तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायची. शेवटच्या शर्यतीत खांदा मोडला, इंजिनही जाम झालं. ते उघडलं, खोक्यात भरलं आणि मग लग्न, मुलं, बदल्या यांत ते खोकं तसंच राहिलं. आता जुन्या शर्यतवाल्यांचा मेळावा भरणार होता आणि तिथे आपल्याच गाडीवरून एक तरी फेरी मारायचीच, असं तिने मनावर घेतलं होतं. मनावर तिने घेतलं, गळ्यात मात्र धाकटीच्या पडलं, कारण घरात वर्कशॉप चालवणारी तीच.

दिवसभर गिऱ्हाइकांच्या स्कूटरी आणि संध्याकाळी बहिणीचं इंजिन. गुडघे कुरकुरत होते. चष्म्याचा नंबर वाढला होता, पण डॉक्टरकडे जायला सवड नव्हती. तरी पिस्टन बसला, हेड बसलं, व्हॉल्व्ह घासून झाले. अडलं होतं ते एका कॅमशाफ्टपाशी.

इंजिनाला पेट्रोल-हवेचा श्वास घ्यायला एक व्हॉल्व्ह आणि धूर सोडायला दुसरा. कॅमशाफ्टवरचे दोन उंचवटे फिरता फिरता ते व्हॉल्व्ह उघडतात. कुठला कधी उघडायचा, यावर सगळा खेळ. पण या शाफ्टवर ना नंबर, ना खूण. तो कसा बसवायचा, हे मोजूनच ठरवायचं होतं. धाकटीने क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, अंशांची चकती लावली, व्हॉल्व्ह किती हलतो ते दाखवणारं डायल गेज त्यावर टेकवलं, हाताने इंजिन हळूहळू फिरवत आकडे पुठ्ठ्यावर लिहिले. आकडे बघून ती वैतागली. धुराचा व्हॉल्व्ह नीट जमवला, तर आत स्फोट होत असतानाच पेट्रोलचं दार सताड उघडत होतं. असं इंजिन चालणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने परत मोजलं. मग परत. आकडे तेच.

"सोडून दे ना," नवरा म्हणाला. तो बस चालवायचा, घरी आला की त्याला कुठल्याच इंजिनाचं नाव नको असायचं. "सांग तिला, जमत नाही म्हणून."

"तुम्हीच सांगा. मी फोन लावून देते."

तो गुपचूप चहा टाकायला उठला.

त्या संध्याकाळी मनगट इतकं दुखत होतं की फिरवता फिरवता धाकटीचा हात खूण ओलांडून पुढे गेला. आता पुढचा अख्खा फेरा कोण फिरवणार, म्हणून तिने कंटाळून क्रँक मागे घेतला. गेजचा काटा हलला. आधी धुराचा व्हॉल्व्ह उघडला, मिटत आला, आणि बरोबर त्याच वेळी पेट्रोलचा उघडू लागला. ती थांबली. पुन्हा उलटं फिरवलं. सगळं जिथल्या तिथे!

शाफ्टमध्ये खोट नव्हती. तो उलट्या दिशेने फिरण्यासाठी बनवलेला होता. थोरलीच्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीने फिरतो, क्रँकच्याच दिशेने. त्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलमध्ये साखळीऐवजी गिअर होते, आणि दात दातात अडकले की शाफ्ट उलटा फिरतो. टोकाचं दातेरी चाक काढून ठेवलं, तर दोन्ही शाफ्ट जुळ्या भावांसारखे दिसतात.

त्या दिवशी फोन तिने स्वतः केला. "ताई, तुमच्या शर्यतवाल्यांत गिअरवालं इंजिन कुणाचं होतं?"

"लंबूचं." मग तिला एकदम आठवलं. "अगं, शेवटच्या शर्यतीनंतर आमची दोघांची इंजिनं एकाच टेबलावर उघडली होती. शेडमधले दिवे गेले. आम्ही चाचपडतच खोकी भरली, मी तर एकाच हाताने."

रविवारी दोघी लंबूकडे गेल्या. दार सुनेने उघडलं. लंबू आता फारसा लंबू राहिला नव्हता, पाठीत वाकला होता.

"ये, चॅम्पियन! ब्रेक लावायला शिकलीस की नाही?"

"तू कायम मैलभर मागे. तुला माझा ब्रेक दिसला कधी?"

हसणं ओसरल्यावर धाकटीने फडक्यातला शाफ्ट टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. लंबूने तो उचलला, उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मग उठून खिडकीपाशी गेला. झडप आपटू नये म्हणून तिथे एक लोखंडी दांडा अडकवला होता. तो त्याने काढून आणला. त्यावर खिडकीच्या हिरव्या रंगाचे शिंतोडे होते.

"हा तुमचा," तो म्हणाला.

थोरली म्हणाली, "मग तुझं इंजिन?"

"सुरूच झालं नाही कधी. ठसकायचं, किक मारली की उलटी लाथ घालायचं. वर्षभर खपलो त्यावर. माझं इंजिन, मीच मेकॅनिक. मला वाटलं, आपला हात गेला. ज्याला स्वतःची गाडी सुरू करता येत नाही, त्याने लोकांच्या कशाला हातात घ्यायच्या? इंजिन भंगारात दिलं, हा दांडा तेवढा खिडकीला ठेवला आणि गोदामाच्या गेटवर नोकरी धरली. निवृत्त झालो तिथूनच."

सून दारातच थबकली. "बाबा, तुम्ही मेकॅनिक होतात?"

लंबूने दोन्ही शाफ्ट शेजारी शेजारी ठेवले.

"म्हणजे हात गेला नव्हता माझा," लंबू शेवटी म्हणाला. मग एकदम थोरलीवर उखडला. "एकदा खोकं उघडून बघायचं तरी होतंस!"

"माझा खांदा मोडला होता रे."

"हो. ते आहेच." राग जसा आला तसा उतरला आणि तो जास्तच दमलेला दिसू लागला.

सोमवारी धाकटी शटर उघडते तोच लंबू बसमधून उतरला. तिने एक स्टूल पुढे सरकवलं. रंग खरवडून तिने शाफ्ट घासला, नख फिरवून पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता. आता चकतीवरचे आकडे सरळ आले. साखळी चढवायची वेळ आली तेव्हा तिने पाना त्याच्याकडे दिला.

"माझे हात थरथरतात गं."

"माझं मनगट चालत नाही, दादा. मिळून एक माणूस होईल."

दुपारी थोरली आली. तिसऱ्या किकला इंजिन असं गरजलं की शेजारचा शिंपी बाहेर धावत आला. थोरली टाकीवर थापा मारत ओरडत होती. धाकटीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं. लंबू मान तिरकी करून ऐकत होता.

"व्हॉल्व्ह जरा सैल आहेत," तो म्हणाला.

"आहेत. गार झालं की बघू."

थोरली गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली. हत्यारं पुसता पुसता लंबूने विचारलं, "उद्या काय आहे तुझ्याकडे?"

"एक स्कूटर. मधेच बंद पडते."

"येऊ?"

"या ना. पण लवकर नका येऊ, दादा. मला झोपायचंय."