निरोप न पोहोचलेली दुपार

मित्रांनो, मी एक जुना ग्राही आहे, पेशीच्या दारावर निरोप घेणारं प्रथिन. जुना म्हणजे तुमच्या हिशेबाने नव्हे; आमच्यात चार दिवस टिकला तो म्हाताराच. दौलतगंजातल्या अंतरा नावाच्या मुलीच्या श्वासनळीभोवती स्नायू आहेत, त्यांतल्या एका पेशीने मला घडवून आपल्या पडद्यात रोवलं. डोकं बाहेर, शेपूट आत.

बाहेरचा निरोप्या कधीच आत शिरत नाही. तो मला चिकटतो, मी नुसता अंग मुरडतो. त्यासरशी आतलं जी-प्रथिन जागं होतं, शेजारच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, हलवतं आणि तो भराभर सायक्लिक एएमपीचे कण बनवतो. हे दुसरे निरोपे. बाहेर एक चिकटला की आत कितीतरी धावतात: "सैल व्हा!" स्नायू सैल होतो, नळी उघडते. कौतुक मात्र श्वासात औषध फवारणाऱ्या निळ्या पंपाचं होतं. असो.

त्या दुपारी अंतराच्या ताईला, सीमंतिनीला, बघायला मुरारहून पाहुणे आले. धाकटीचा दमा त्यांना कळू नये म्हणून आईने पंप लपवला, आणि वर घमघमीत उदबत्त्या लावल्या.

धुराने स्नायू आवळला. छातीत शिटी वाजू लागली.

"खोकू नकोस गं, बाहेर ऐकू जातं," आई कुजबुजली.

"मम्मी, साँस नाही येत आहे."

"चहा तर होऊ दे, बेटा."

अंतरा भ्याली. त्या भीतीनेच रक्तातून ॲड्रेनलिन आलं, मला चिकटलं. मी मुरडलो, आत निरोपे धावले. पण ते पुरेनात. नळी आवळतच गेली. मी पंपाच्या औषधाची वाट पाहत राहिलो. मग शिटीसुद्धा थांबली; वाजायला हवाच उरली नव्हती. मित्रांनो, शिटीपेक्षा ती शांतता फार वाईट.

बाहेर कपबशा आदळल्या. सीमंतिनी धावत आली.

"आई, पंप कुठेय?"

"अगं, पाहुणे..."

"बसू देत पाहुण्यांना! कुठेय?"

"गव्हाच्या डब्यात," आई रडतच म्हणाली.

"ओढ आत, अंतू. धर. अजून एक."

औषध आलं. मी मुरडलो, माझे शेजारीही मुरडले. नळी जेमतेम उघडली. पाहुण्यांच्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, आणि वाटेत मुलाची आई सुलोचनाबाई तिची पाठ धरून बसल्या होत्या. लग्न जमलं का, ते मला ठाऊक नाही. अंतराचा श्वास चालू आहे, एवढं माहीत आहे.

आता पेशी मला आत ओढते आहे. माझ्या जागी नवा येईल. त्यालाही हातपाय नाहीत. तोही नुसती वाट पाहील. म्हणून विनवतो: पंप हाताशी ठेवा. आणि कुणी श्वास येत नाही म्हणालं, तर चहा गॅसवर तसाच सोडून धावा.