पुष्पांजलीच्या पोटावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटचा नव्हे, पोटाचा. मूळचा रंग गव्हाळ. आता कोणता झालाय ते मी सांगणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. अंगभर रबरी वीण आणि टोकाला वेल्क्रोची चिकटपट्टी. ती उघडताना जो 'चर्र' होतो, तोच माझा आवाज. अकोल्याच्या एका औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी मी वर्षभर पडून होतो. एक दिवस दीपक नावाचे गृहस्थ आले आणि लाजत म्हणाले, "पोटाचा पट्टा हाय काय? मले नाही, बायकोले पाह्यजे."

त्यांची बायको पुष्पांजली मलकापूर आगारात कंडक्टर. जुळ्या मुली झाल्यावर तिच्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले आणि कातडी सैल पडली. तिनं व्यायाम केला, वजन उतरवलं. पोट मात्र उतरेना. कंबर ठणकायची. त्यात तिकिटाचं यंत्र घेऊन गाडीत फिरताना एखादी म्हातारी उठून जागा द्यायची, "बस वं माय, कितवा महिना हाय?" मुली शाळेत जाऊ लागल्या, तरी महिना काही संपेना!

अकोल्याच्या डॉक्टर मलिहा मॅडमनी आधीच बजावलं होतं, "हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. जादा कातडी काढीन, स्नायू आवळून शिवीन, बेंबी नव्यानं बसवीन. खाली लांब व्रण राहील. पट्टा सहा आठवडे, आणि जड उचलणं बंद."

"बेंबी हरवणार तं नाही ना?" दीपकरावांनी काळजीनं विचारलं.

सासूबाई, सोजराबाई, घरी फणफणल्या, "चांगलं पोट काऊन फाडून घेऊन राह्यली?" पण पुष्पांजलीनं ठरवलं होतं.

ऑपरेशन झालं आणि मला कामावर घेतलं. माझ्याखालून दोन नळ्या निघायच्या, त्यांत लालसर पाणी जमायचं. टाके ताणू नयेत म्हणून ती कमरेत वाकून चालायची, गुडघ्यांमुळे सोजराबाईही वाकूनच. दोघी समोरासमोर आल्या की एकमेकींच्या पाया पडताहेत असं वाटे. शिंक आली की पोटाशी उशी धरायची. हसलं तरी कळ यायची, म्हणून दीपकरावांचे विनोद बंद झाले. त्याचं वाईट फक्त त्यांनाच वाटलं.

आठव्या दिवशी नळ्या निघाल्या. विसाव्या दिवशी धामणगाव बढ्याला नणंदेचं, अर्पिताचं, लग्न होतं. नातेवाइकांना सांगितलं होतं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. आरशात पाहून पुष्पांजली म्हणाली, "ह्या पट्ट्यानं मी ढोलकीवानी दिसतो." चर्र! मी खाटेवर. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता.

पण सोजराबाईंनी मला गुपचूप आपल्या पिशवीत कोंबलं, पानाच्या डब्याशेजारी.

लग्नात ती चार तास उभी राहिली. दुपारपर्यंत पोट टम्म सुजलं. पंगतीत शालूमावशी जवळ येऊन गोड हसत म्हणाली, "गोड बातमी हाय वाटते! कितवा महिना?"

पुष्पांजलीचे डोळे भरले. तोच सोजराबाई मला हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा गरजल्या, "महिना गेला खड्ड्यात! पोट शिवलं तिनं, कंबर दुखे म्हणून! खडे नव्हते न काही नव्हते! आता कोनी इचारू नका!" आणि भरल्या पंगतीत, पैठणीवरूनच, त्यांनी मला तिच्या पोटाला आवळून बांधलं.

"आत्याबाई, सारे पाहून राह्यले!" पुष्पांजली सासूला म्हणाली.

"पाहू दे. पुष्पा, तू खाली बस आधी."

दुसऱ्या दिवशी मलिहा मॅडमनी साचलेलं पाणी सुईनं काढलं आणि त्या सासू-सून दोघींवरही रागावल्या. त्यानंतर उरलेले दिवस मला कुणी सोडलं नाही. सूज उतरायला काही महिने लागले. जाहिरातीतल्या बाईसारखी पुष्पांजली झाली नाही, वजन जेमतेम दीड किलो घटलं. पण आता ती बुलढाण्याची फेरी सरळ कमरेनं करून येते.

मी सध्या कपाटात असतो. मला धुताना चिकटपट्टी लावून धुवा हो, नाहीतर मोजे माझ्या गळ्यात पडतात. आणि मित्रांनो, एक मोठं मागणं. कुणी बाई ऑपरेशन करून घरी आली, तर 'आता कशी दिसते' हे पाहायला जाऊ नका. घरात जा, तिचा पाण्याचा हंडा तुम्ही उचला, आणि विचारा, "दुखते काय वं?"