पहिल्यासारखा आवाज

थोरला भाऊ भुजंग गेल्यापासून मोसंबीच्या बागेतला आमचा छोटा ट्रॅक्टर गंजत पडला होता. मी तो घरामागच्या शेडात पुरा खोलला, जालन्याहून पिस्टन आणलं, रंग मारला. आवाज मात्र पहिल्यासारखाच पाहिजे होता मला.

आज चालू करायचा, तर इंजिन फिरवायचं हँडलच गायब!

"ह्या घरात एक वस्तू जागेवर राहत न्हाई!" मी भडकलो.

आईनं पदराखालून हँडल काढलं, पण हातातून सोडेना.

"चालू करू नको रं."

"का पन?"

"त्या दिवशी भुजंग याच्याखाली दबल्ता, तरी हा चालूच होता. मी बांधापल्याड खुरपत होते. लेकरानं किती हाका मारल्या असतील. याच्या आवाजात मला एक बी ऐकू आली न्हाई."