विकलेल्या गाईचे हंबरणे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दक्षिणेतल्या तिरूरजवळच्या एका घरात, काचेच्या कपाटात, लग्नातल्या कपबश्यांच्या मागे माझा मुक्काम असतो. माझी एका बाजूची जाळी चेपली आहे. आवाज मोठा करायची चकती तर केव्हाच गळून पडली. बोलायची हौस मात्र अजून फिटलेली नाही. सारे आयुष्य मी दुसऱ्यांचेच बोलणे बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचे सांगतो आहे, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. शारजाच्या एका दुकानातून, तिथे नोकरीला असलेल्या या घरच्या मोइदूने मला उचलले आणि पहिल्याच सुट्टीत गावी आणले. गाणी ऐकण्यासाठी नव्हे. त्याच्या आईला, बीयात्तू उम्माला, लिहिता-वाचता येत नव्हते. बायको सैनबा चार ओळी लिहायची, पण तेवढ्यात घर कसे मावणार? म्हणून आमच्याकडे पत्रे बोलून पाठवायची पद्धत पडली होती. मी आवाज भरून घ्यायचो आणि शारजाला निघालेल्या कोणाच्या तरी पिशवीतून, लोणच्याच्या बरणीशेजारी, ती कॅसेट जायची. तिकडून तशीच उलट यायची.

मोइदूच्या खोलीत दहा जण राहत. एकाची कॅसेट आली की दहाही जण खाटांवर बसून ऐकत. कोणाच्या घरात काय बदलले, कोणाची भिंत कुठवर आली, कोणाची मेहुणी रुसली, सगळ्यांना सगळे ठाऊक.

उम्मा बोलायला बसली की आधी अडकित्त्याने पानाच्या डब्यावर दोनदा टकटक करायची. मग सुरू.

“अरे ए मोइदू, हे तुझं डबडं ऐकतंय ना? मग ऐक. तुझ्या बायकोने मिठाला कुलूप घातलंय. मी म्हातारी झाले, पण जीभ अजून तरणी आहे!”

मागून सैनबा हसायची. “अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय मीठ कमी म्हणून.”

“डॉक्टर काय माझा जावई लागून गेलाय?”

आणि हे चालू असताना मागच्या गोठ्यातून पुळ्ळी गाय हंबरायची. महिन्याभराने शारजाहून उत्तर आले की त्यात मोइदूच्या आधी भलताच आवाज घुसायचा. “उम्मा, मी बापुट्टी, खालच्या खाटेवरचा. मिठाच्या भांडणात आम्ही नऊ जण तुमच्या बाजूने!” हे ऐकून उम्मा इतकी हसायची की तिला ठसका लागायचा. ते माझे भाग्याचे दिवस होते. मला रोज मऊ फडक्याने पुसले जाई आणि धुळीसाठी सैनबाने एक झालरीचे कापड शिवले होते.

दुसऱ्या वर्षीच्या एका कॅसेटमध्ये सैनबाने घरातले बदल एका दमात सांगितले. “अहो, फणस तोडला, त्याच्या चौकटी होतील. स्वयंपाकघराची भिंत खिडकीपर्यंत आली. आणि पुळ्ळी विकली. उम्माच्याने आता वाकवत नाही. नेताना दोघी रडलो.” ती कॅसेट गेली. पुढच्याच आठवड्यात उम्मा विहिरीवर कोसळली. अर्धे अंग लुळे पडले आणि बोलणे गेले. डोळे सगळे समजत होते, तोंडातून मात्र नुसता हुंकार यायचा.

मोइदूच्या कराराचे सात महिने उरले होते. मध्येच आला तर परत जाता येणार नव्हते आणि घरावर अजून छप्पर नव्हते. त्याला इतक्यात कळवायचे नाही असे सैनबाने मनाशी ठरवले आणि ती शेजारच्या कदीसाकडे गेली; तिला ती इत्ता, म्हणजे मोठी बहीण, म्हणायची. कदीसाकडेही माझ्यासारखाच एक होता.

“इत्ता, तुमचा टेप दुपारपुरता द्या. उम्माची एक जुनी कॅसेट पाठवायची राहिली होती, तिच्यावरून नवी भरते.”

“जिवंत माणसाची नक्कल करतात का गं कोणी?” कदीसा म्हणाली.

“उम्माचा आवाज नसला तर त्यांना घास जाणार नाही, इत्ता. सात महिन्यांचाच प्रश्न आहे.”

कदीसाने टेप दिला, पण पुटपुटतच दिला.

चटईवर आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. तो बोलणार, मी भरून घेणार. सैनबाने खिडक्या लावल्या, अंगणातले कावळे हाकलले आणि श्वास रोखून बसली. आधी तिने स्वतःच्या आवाजात खुशाली भरली होती. मग वर्षभरापूर्वीची उम्मा बोलू लागली. टक टक. “अरे ए मोइदू...” डाव्या हाताला पलीकडच्या खोलीत उम्माची खाट होती आणि दार उघडेच राहिले होते. खाट करकरली. आपलाच चोरलेला आवाज ती पडल्या पडल्या ऐकत होती. नंतर सैनबा आत गेली तेव्हा, “उम्मा, तोंड का फिरवलंत? इकडे बघा ना,” असे कितीदा तरी विनवत राहिली.

आणि त्या आवाजामागे पुळ्ळी हंबरली होती. सैनबाच्या कानांना ते हंबरणे इतके सवयीचे होते की तिला ते ऐकूच आले नाही. मला आले. पण मित्रांनो, मला पाठ करता येते, टोकता येत नाही. त्या दिवसाइतकी स्वतःची लाज मला कधी वाटली नाही.

शेजारचा आलिकुट्टी शारजाला निघाला होता. त्याला शपथ घालून गप्प बसवले आणि कॅसेट त्याच्या हाती दिली.

उत्तर आले. सैनबाने कळ दाबली. बापुट्टी नाही, हसणे नाही. पंख्याची घरघर तेवढी. मग मोइदू बोलला.

“सैनबा, पुळ्ळी विकली हे तूच सांगितलंस. मग ती उम्माच्या मागे हंबरली कशी? मी चार वेळा ऐकलं. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. आता कोणी माझ्याकडे बघत नाहीये. आलिकुट्टी तर जेवायलाही थांबला नाही. मला बाकी काही सांगू नकोस. उम्मा आहे का, एवढंच सांग.”

सैनबा भर दुपारी तोंडात पदर कोंबून रडली. मग तिने माझ्यात कोरी कॅसेट घातली, मला उम्माच्या उशाशी नेले आणि लाल बटण दाबले. “अहो...” एवढेच म्हणाली. तिने मला उम्माच्या तोंडाजवळ धरले. मी श्वास भरून घेतला, तो एकदा घशात अडकलेला हुंकार भरून घेतला. उम्माचा डावा हात गोधडीवर काहीतरी चाचपत होता. सैनबाला उमगले. तिने पानाचा डबा पुढे सरकवला आणि अडकित्ता त्या हातात दिला.

टक. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक.

कॅसेट पोचल्याच्या पाचव्या दिवशी मोइदू दारात उभा राहिला. आधी उम्माच्या पायाशी बसला, तो संध्याकाळ होईपर्यंत. सैनबाशी मात्र तो आठ दिवस एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी उम्माला पेज भरवताना मान वर न करता म्हणाला, “फणस सांगितलास, भिंत सांगितलीस, गाय सांगितलीस. एवढंच सांगायचं राहिलं?”

“तुम्ही तिथे एकटे रडला असता,” सैनबा म्हणाली.

“एकटा? खोलीत नऊ जण होते गं.”



उम्मा चार महिने जगली. शारजा सुटले ते सुटलेच. घरावर कौले चढायला नऊ वर्षे लागली, तोवर झावळ्यांनी भागवले. या सगळ्याचा दोष मोइदूने सैनबाला पुन्हा कधी दिला नाही, पण तिने स्वतःला दिला. माझी झालर विरली, नवी कोणी शिवली नाही. मी कपबश्यांच्या मागे गेलो.

ती शेवटची कॅसेट मोइदूने येताना खिशातून परत आणली होती. तिच्यावर कोणी चुकूनही दुसरे काही भरू नये म्हणून त्याने तिच्या पाठीवरचे दोन्ही चिमुकले दाते चाकूने उडवले आणि ती माझ्या पोटात ठेवून दिली. वर्षातून एकदा, उम्मा गेली त्या दिवशी, तो ऐकायचा. आता तोही नाही. सैनबाला कमी ऐकू येते.

मित्रांनो, घरात काही बदलले, विशेषतः वाईट बदलले, तर आपल्या माणसाला वेळेवर सांगत जा. मी एकदा खोटे बोललो, त्याचा सल अजून गेलेला नाही. आणि एक विनंती आहे. माझ्या पाठीतले सेल कोणी काढले नाहीत. ते फुटले आहेत आणि त्यांचे पाणी थोडे थोडे आत, कॅसेटच्या दिशेने झिरपते आहे. या घरी कधी आलात तर कपबश्या जपून बाजूला करा आणि आधी ती कॅसेट बाहेर काढा. माझे मागाहून बघा.