उतरता माड

अख्खा देश अस्थी घेऊन रामकुंडावर येतो, पण रोहिणीच्या कॉलनीत ती रीत नव्हती. माणूस गेला की राख अंगणातल्या खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं. तिचा नवरा धम्मपाल वायरमन. तुटलेली तार जोडायला खांबावर चढला, कुणा शहाण्याने खालून लाइन चालू केली, आणि त्याला दोर लावून उतरवावं लागलं. खड्ड्यासाठी सगळे पिंपळ सुचवत होते, पण त्याच्या आईने, आक्काबाईने, नर्सरीत भेर्ली माडाच्या, नारळासारख्या उंच जाणाऱ्या झाडाच्या, रोपावर बोट ठेवलं. "ह्योच. माझ्या लेकावानी सरळसोट हाय."

नाशिकची थंडी माडाला सोसेना, म्हणून आक्काबाई बुंध्याला धम्मपालचा स्वेटर गुंडाळायची. रोहिणीला लाज वाटे. पण माड वाढला, आणि संध्याकाळी त्याची माशाच्या शेपटासारखी पानं वाजू लागली, थेट चपला घासत कुणी चालावं तशी. धम्मपाल तसाच चालायचा. रोहिणी रोज ऐकत बसायची. दुसऱ्या लग्नाचं विचारायला आलेली माणसं तिने त्या आवाजापायीच परत पाठवली.

मग एका वर्षी शेंड्यातून जटेसारखा तुरा लोंबला. कॉलनीला कोण कौतुक! पुढच्या वर्षी त्याच्याखाली दुसरा आला, मग आणखी खाली.

"उतरतोय गं," आक्काबाई म्हणाली. रोहिणीने शेंड्यापासून खालपर्यंत तुरे मोजले.

तिने नर्सरीत जाऊन विचारलं. हे झाड वरून खाली फुलत येतं आणि शेवटचा तुरा पिकला की मरतं, असं कळलं. घेताना कुणी विचारलंच नव्हतं. आता सासूला सांगायचं कसं? गेलेल्या पोराला पुन्हा कसं मारायचं? तिने तोंड मिटून घेतलं आणि वर्षं गेली.

यंदाचा तुरा हाताला लागेल इतका खाली आला. पानं वाळली, वाजेनाशी झाली. एका संध्याकाळी रोहिणी कामावरून आली तर आक्काबाई बुंध्याशी बसलेली. मुठीत तुऱ्याची पिकलेली लाल फळं चुरडलेली. त्यांच्या रसाने अंगाची आग होते, हे कॉलनीतल्या पोरांनाही ठाऊक. म्हातारीचे तळवे सुजून लालबुंद झाले होते.

"आई, टाका ते! चला, हात धुवा!"

"थांब. त्याचे हात आसेच पेटले आसतील का गं?"

रोहिणीला रडू फुटलं. "आई, झाड मरतंय. मला कधीचं माहीत होतं."

"मला न्हाई दिसत व्हय? उतरला त्यो. आता कशाला ऱ्हाईल?" आक्काबाईने तिच्याकडे पाहिलं. "तू बी मोकळी हो पोरी. त्याच्यापायीच थांबली व्हतीस ना?"

रोहिणी तिच्याशेजारी बसली. सासूच्या मुठीतली फळं काढून तिने स्वतःच्या तळव्यावर चोळली. आग भडकली, तरी तिने हात झटकला नाही.

वारा अजिबात नव्हता. वाळकं पानसुद्धा हलत नव्हतं. तरी चपला घासत कुणीतरी बुंध्यापासून फाटकापर्यंत गेलं. कडी वाजली.

दोघींनीही ऐकलं. हाक कुणीच मारली नाही.