तीन नंबरचा माईक

"सहाच आहेत," औषधवाली बाई म्हणाली आणि तिने दोन पाकिटं काउंटरवर अशी आपटली की मागे खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या म्हातारीलाही नीट दिसावीत. "तीन-तीनची दोन."

"मला आठ लागतात," आबोक म्हणाला. "आणि बिनतेलाचे बघा. तेलाचे असले की यंत्र खराब होतं."

"यंत्र," बाई म्हणाली. तिने समोरच्या एकसष्ट वर्षांच्या, गुडघ्यावर ठिगळ लावलेल्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. आठ म्हणजे किती दिवसांचे, काका?"

"दुपारचे. संध्याकाळी आणखी आठ."

म्हातारीचा खोकला थांबला.

तीस वर्षांपूर्वी आबोक अशा ठिकाणी खुलासा करायचा. नाटकमंडळीत आवाजाचं काम करतो. नटांच्या कमरेला माईकचं यंत्र बांधलेलं असतं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. भरजरी कपड्यांखाली घामाच्या धारा लागतात आणि घाम आत गेला की यंत्र मरतं. त्याला घट्ट बसेल आणि घाम रोखेल असं एकच आवरण माणसाने आजवर शोधून काढलंय. पण खुलासा ऐकताना लोकांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती येई ती त्याला संशयापेक्षा जड जायची. म्हणून पुढे त्याने तो सोडला. परिणामी तैवानच्या अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे जिथे औषधाचं दुकान आहे तिथे तिथे, आबोक मोठा रंगेल माणूस समजला जातो. त्याची बायको लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दहा दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

सहा निरोध खिशात घालून तो देवळाकडे परतला. गाव कालवांचं. रस्त्याच्या दोन्ही कडांना शिंपल्यांचे ढीग आणि त्यांच्यामागे सुऱ्या चालवत बसलेल्या बायका. दर्याची राखण करणाऱ्या माझूदेवीचा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. देवळासमोर मंडळीचा ट्रक उभा होता, त्याची एक बाजू उघडून आडवी पाडली की रंगमंच तयार. ट्रकच्या पायरीवर खुनशान बसला होता. मंडळीचा मालक, बाप गेल्यापासून तोच बघायचा सगळं.

"काका, काल परत झालं."

"हो. पाहिलं मी."

"पाहून काय उपयोग! ऐकू आलं नाही, तीच तर बोंब आहे! राजपुत्र आईच्या थडग्यावर आडवा पडलाय, विलाप शिगेला पोचलाय, बाया रुमाल काढून तयार, आणि ऐन वरच्या सुराला आवाज गुल. नुसतं तोंड उघडं. देवळाचे अध्यक्ष मला विचारतात, तुमचा राजपुत्र जांभई देतोय का?"

"बघतो आज."

"तीन महिने बघताय, काका. आज दुपारी तीन नंबर बंद पडला तर मी काओश्युंगच्या माणसाला फोन लावणार. त्याच्याकडे नवे सेट आहेत, कुठं काय बिघडलंय ते पडद्यावर दिसतं. तुम्ही बाबांच्या वेळचे. मला वाईट वाटतंय."

खुनशानला खरोखरच वाईट वाटत असे. गेल्या वर्षी ढोलकीवाल्याला काढलं, तेव्हा आधीचे दोन दिवस तो जेवला नव्हता. पण काढलं.

आबोकने तीन महिन्यांत करायचं ते सगळं करून झालं होतं. माईक बदलला, वायर बदलली, बॅटरी बदलली, अख्खं यंत्र बदललं. रेडिओची लहर बदलली. एका गावात शेजारच्या घरातल्या कराओकेच्या माईकची लहर आड येतेय असं वाटलं, म्हणून तो थेट त्या घरी गेला आणि नाटक संपेपर्यंत गाऊ नका अशी विनंती त्याने घरमालकाला केली. हे करण्याचं धाडस त्या गल्लीत अकरा वर्षांत कुणाला झालं नव्हतं. शेजाऱ्यांनी आबोकला बोलावून कालवांचं धिरडं खाऊ घातलं. तीन नंबर मात्र त्या दिवशीही बंद पडला.

आणि एक गोष्ट त्याला छळत होती. लहर तुटली की त्याच्या टेबलावरच्या पेटीतला हिरवा दिवा विझतो. तीन नंबरचा दिवा जळत असायचा. म्हणजे यंत्र जिवंत, लहर पोचतेय, आवाज तेवढा नाही. तोही जायचा फक्त विलापाच्या शेवटी, सगळ्यांत वरच्या सुराला. यंत्राला गाण्यातलं इतकं कळतं हे मानायला आबोक तयार नव्हता.

दोन निरोध कमी पडत होते. काल रात्रीचे बादलीत पडले होते. त्यातलेच दोन धुऊन घ्यावेत म्हणून त्याने बादली उपडी केली. आठ होते, प्रत्येकावर नंबराची चिकटपट्टी. घामाने ओलसर, पावडरने पांढरे. तीन नंबरच्या टोकाशी एक लाल बोट उमटलं होतं.

त्याने ते उजेडात धरलं. नखाने रबर ताणलं होतं. त्याच्या बरोबर खाली यंत्राच्या डोक्यावरची बारीक कळ येते. ती सरकवली की यंत्र चालू राहतं आणि आवाज तेवढा बंद होतो. त्या कळीवर त्याने कधी पट्टी चिकटवली नव्हती, कारण तीस वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. मंडळीत बाकी सगळे डोळ्यांभोवतीचा लाल रंग ब्रशने लावतात. बोटाने लावणारं एकच माणूस होतं, राजपुत्राचं काम करणारी ग्योकताई.

आबोक शिंपल्यांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला. खुनशान हाकेच्या अंतरावर फोनवर बोलत होता. उठायचं, हे त्याच्या हातावर ठेवायचं, एक वाक्य बोलायचं. नोकरी शाबूत. संध्याकाळी राजपुत्राचे कपडे खुनशानच्या मेहुणीच्या अंगावर, आणि ग्योकताई मागे भाताच्या पातेल्यापाशी.

त्याने ते घडी करून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं आणि दुसरे दोन धुवायला घेतले.

"आज हात गार आहेत तुझे," ग्योकताई म्हणाली. ती पत्र्याच्या पेटीवर राजपुत्र होऊन बसली होती. चौसष्ट वर्षांची, कमरेत ताठ. आबोक तिच्या कपाळावर, केसांच्या टोपाच्या कडेला माईकचा दाणा बसवत होता. तीस वर्षं रोज दोनदा तो तिच्या कपाळाला हात लावत होता; तेवढंच.

"धुणं धुतलं."

"अरे वा. काय सांगतोस, कुणी मिळाली की काय?" मग आरशातून, जरा थांबून, "मालक काय म्हणत होता मघाशी?"

"काय म्हणणार. हवापाणी."

"माझ्या माईकचं काही म्हणाला?"

"नाही."

तिने बोट रंगात बुडवलं आणि डोळ्याच्या कडेने वर ओढलं. आबोकने तिच्या कमरेला यंत्र बांधलं. कळीवर पट्टी लावली नाही.

दुपारचा खेळ देवीसाठी असतो. माणसं संध्याकाळी येतात. समोर लाल प्लॅस्टिकच्या साठ खुर्च्या, त्यांत दोन म्हाताऱ्या आणि सावली शोधत आलेलं एक कुत्रं. त्यांच्यामागे उघड्या दारातून देवी, तिच्या हातात काही काम नसल्याने पूर्ण लक्ष देऊन बसलेली. खुनशान बाजूच्या खांबाला टेकून उभा होता. हातात फोन.

आबोकने कानांवर हेडफोन चढवले. तिथे त्याला प्रत्येक माईक वेगळा ऐकता येतो, कर्ण्यातून बाहेर जावो न जावो. मंडळीतला प्रत्येक श्वास, कण्हणं, विंगेतली शिवी त्याच्या कानात येते. आठ माणसं तीस वर्षं त्याच्या कानात राहत होती. त्याचा आवाज कुणाच्या कानात जाण्याची सोय त्या यंत्रात नाही.

विलाप सुरू झाला. राजपुत्र थडग्यापाशी गुडघ्यांवर आला. दोन तारांची सारंगी नेहमीप्रमाणे त्याच्या सुराला सूर लावून मागोमाग चालली होती. पहिली ओळ. दुसरी. आता उजवा हात बाही झटकून वर जायला हवा. तो गेले तीन महिने वर गेला नव्हता. पोट धरून रडल्यासारखा कमरेशी वळायचा, आणि आबोकला वाटायचं, वय झालं, अभिनय बदलला. आजही हात वळला.

हात कमरेला पोचायच्या आत आबोकने टेबलावरची तीन नंबरच्या आवाजाची खुंटी खाली ओढली आणि दुसऱ्या हाताने सारंगीचा आवाज वर चढवला.

ग्योकताईच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या कर्ण्यातून तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू येतो. तो गेला. त्याच्या जागी सारंगी आली, भरगच्च, तोच सूर घेऊन, गळा कुठे थांबला ते कळू नये अशी, देवळाच्या कौलांपर्यंत. हात कमरेपासून बोटभर अंतरावर थांबला. मग बाही झटकली, आणि हात पूर्ण वर गेला, पूर्वी जायचा तसा. पुढच्या म्हातारीने रुमाल काढला.

हेडफोनमध्ये तीन नंबर चालू होता. आवाज वर चढला, वरच्या सुराच्या उंबऱ्याशी अडला, फाटला, आणि फाटलेलाच तिने शेवटपर्यंत नेला. तीन महिन्यांत तो कुणीच ऐकला नव्हता. मग एक लांब श्वास. आणि बाहीआडून, राजपुत्राच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या आवाजात:

"कळलं होय रे तुला, मेल्या?"

"हो," आबोक म्हणाला.

पुढची म्हातारी मागे वळली. "काय?"

"काही नाही, मावशी. तुम्ही बघा."

पडदा पडल्यावर खुनशान आला. त्याला मनापासून बरं वाटत होतं. "चालला की! काय झालं होतं?"

"वायर सैल होती. माझ्याच हातची."

"तीन महिने?"

"तीन महिने."

खुनशानने मान हलवली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अख्ख्या मंडळीला ठाऊक होणार होती, स्वयंपाकीणबाईसकट. आबोक काका म्हातारे झाले.

ग्योकताईने यंत्र सोडून त्याच्या हातावर ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"संध्याकाळचा विलाप लांब आहे," ती म्हणाली. "दोनदा वर जातो."

"माहीत आहे."

"सारंगीवाल्याला सांगितलंस?"

"त्याला कशाला? त्याला वाटेल आज त्याचा हात चांगला चाललाय."

ती हसली नाही. दोन पावलं गेली, टोपाच्या कडेला जिथे माईकचा दाणा होता तिथे हात लावून पाहिला, आणि केस सोडायला आत गेली.

आबोकने आठही यंत्रांची आवरणं उतरवली. औषधवालीकडे आता आणखी नव्हते, तेव्हा हेच संध्याकाळी लागणार होते. तीन नंबर त्याने उलटसुलट करून पाहिलं. घाम होता, पावडर होती. देवळामागच्या नळावर त्याने एकेक धुऊन दोरीवर टाकलं. खाऱ्या वाऱ्याने ते एकेक करून भरत होते आणि रिकामे होत होते. वाटेने जाणाऱ्या दोन कालववाल्यांनी दोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि अदबीने मान लववली.

मग त्याने सदऱ्याच्या खिशातून कालचं काढलं आणि नळाखाली धरलं. लाल बोट निघायला बराच वेळ लागला.